बासष्ट किलो

शिंपीणबाईंनी गुलाबी डंबेल दोन बोटांनी धरलं. त्यावर आधीच्या कुणाचा तरी घाम चिकटला होता. त्यांनी ते रुमालाने पुसलं, मग रुमालाकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"दीड किलो, तीस वेळा," व्यायामशाळेतला शिक्षक म्हणाला. "तुमच्या वयाला वजन कमी, वेळा जास्त. चला आजी, एक!"

तीस झाले. श्वाससुद्धा चढला नाही. शेजारी एक जण स्वतःच्या दंडावर लट्टू होऊन आरशासमोर उभा होता. दुसरा रेड्यासारखा हुंकारत बाकावरून उठला. मागे त्याच्या पाठीचा ओला ठसा राहिला. बाईंनी नजर वळवली.

"शाब्बास! आणखी तीस."

"का?"

"का म्हणजे?"

"चाळीस वर्षं शिवणकाम केलं मी. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. तू मला विचारलंस, कशासाठी आलात म्हणून?" त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "तूच लावलायस ना? जड वजन, पाच वेळा, ताकदीसाठी. हलकं, पंधराच्या वर, दमासाठी. दम आहे माझ्यात. जिभेचा तर आहेच."

"ते तरुणांसाठी हो. या वयात ताकद कशाला लागते?"

"मंगळवारी हे न्हाणीघरात पडले. उघडे, घाणीत. मला उचलता येईनात. शेजाऱ्याला बोलावलं. त्याने आधी नाकाला रुमाल लावला, मग यांना हात. संध्याकाळी जिन्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता मेला." त्यांनी ओठ मुडपले. "त्याला पुन्हा बोलवायचं नाही. हे बासष्ट किलोंचे आहेत. मला त्यांना तीस वेळा नाही उचलायचं. एकदाच उचलायचंय."

शिक्षकाने कान खाजवला. मग जाऊन लोखंडी बार आणला.

वीस किलो पाच वेळा सहज उचलले गेले. पंचवीसही. तिसाला चौथ्या वेळी मांड्या थरथरल्या, पाचव्या वेळी बार जेमतेम गुडघ्यांच्या वर आला.

"बस. पाचवी वेळ जेमतेम जमते, तेच तुमचं वजन. हळूहळू वाढवू."

"निम्मंसुद्धा नाही झालं."

"आणि माणसाला बारसारखा दांडा नसतो धरायला." तो चटईवर उताणा पडला, हातपाय सैल सोडले. "मागून या. काखेत हात घाला. उचलायचं नाही, फक्त पकड बघू."

चटई चिकट होती. त्याच्या काखा भिजलेल्या. वर मारलेल्या अत्तराखालून आंबट वास येत होता. बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत आत सारले.

गुदगुल्या होऊन तो खुदकन हसला.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "उचलायला असे हात घातले की हे डोळे मिटून घेतात."