एका ओळीचा निरोप

‘डॅड इज कमिंग. डेट नॉट गिव्हन. आस्क्स यू टू टेक केअर.’

विभा कॉन्फरन्स रूमच्या दाराशी थांबली. तिने फोनवरची ओळ पुन्हा वाचली. आत पडद्यावर बँकॉक आणि जकार्ताची माणसं जमू लागली होती. दहा चाळीसची मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती.

तिच्या हाताखाली सहा देशांतली दोनशे दहा माणसं होती. दिवसाला चारशेच्या आसपास निरोप यायचे. ते वाचण्याचं काम तिने आठ महिन्यांपूर्वी एआय असिस्टंटवर सोपवलं. सूचना तिनेच लिहिली होती आणि सुधारत सुधारत नेमकी केली होती: प्रत्येक निरोप इंग्रजीत, एका ओळीत. आवाजात असेल तर ऐकून लिहून दे. भावना गाळ, काम ठेव. तातडीचं असेल तरच मला मधे अडव.

सूचना इतकी चांगली होती की ऑफिसातल्या तिघांनी ती मागून नेली.

बाबा सहा दिवस पुण्याला हॉस्पिटलमध्ये होते. न्यूमोनिया. पहिल्याच दिवशी तिने असिस्टंटला विचारलं, पुण्याला जायला मला सलग तीन दिवस कधी मिळतील? दोन सेकंदांत उत्तर आलं: पुढच्या महिन्याची एकोणीस तारीख. तिने सगळ्या मीटिंगा पुन्हा तपासायला लावल्या. तारीख हलली नाही. मग तिने बाबांनाच फोनवर गळ घातली, “बरे झालात की तुम्हीच या इकडे. कायमचे.” आई गेल्यापासून ती हेच म्हणत होती. बाबा दर वेळी म्हणायचे, “बघू.” काल तिचा भाऊ प्रसन्न म्हणाला होता, ताप उतरलाय, परवा घरी सोडतील.

आणि आज बाबा कबूल झाले होते.

तिने मुलीला फोन लावला. गार्गी कॉलेजच्या बसमध्ये होती. तिच्या मराठीत तिथल्या इंग्रजीचे ‘आह’ आणि ‘लाह’ हमखास यायचे.

“आजोबा येतायत.”

“सीरियस आह? कधी?”

“तारीख नाही सांगितली. तुझी खोली द्यावी लागेल.”

“माझी? कॅनॉट लाह!” मग ती हसली. “ओके लाह, देते. पण पहाटे पाचला रेडिओ नाही हं. आधीच सांगून ठेव त्यांना.”

“तूच सांग, आल्यावर.”

दीड मिनिट उरलं होतं. एरवी उत्तराचे तीन मसुदे असिस्टंट द्यायचा आणि ती एक निवडायची. आज तिने तिन्ही पुसले आणि स्वतःच्या बोटांनी मराठीत लिहिलं: ‘या बाबा. लवकर या. आता मुळीच थांबू नका.’

दुपारपर्यंत असिस्टंटने व्हिसाच्या कागदांची यादी काढली. विमानात व्हीलचेअर कशी मागायची ते शोधलं. टॅम्पिनीसमध्ये, त्यांच्या फ्लॅटपासून चालत सात मिनिटांवर, फुप्फुसांचा एक डॉक्टरही शोधला. विभाने प्रत्येक गोष्टीवर फक्त ‘हो’ म्हटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी असिस्टंटने तिला भर मीटिंगमध्ये अडवलं. भावाचा फोन. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आली.

“ताई, बाबा गेले. इथल्या अकरा वाजता. झोपेतच.”

“काहीतरीच काय बोलतोस! ते इकडे येणार होते.”

“इकडे? कोण म्हणालं?”

“तेच म्हणाले. सकाळी निरोप आलाय त्यांचा.”

“तो मीच रेकॉर्ड करून पाठवला, ताई. तू ऐकला नाहीस?”

मूळ आवाज कुठे साठवला जातो हे तिला माहीत नव्हतं. शोधायला वेळ लागला. निरोप अकरा सेकंदांचा होता. पहिले पाच सेकंद नुसती ऑक्सिजनची फुसफुस होती. मग बाबा.

“विभा, येतो गं आता. सांभाळून राहा.”

उंबरा ओलांडताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, हे तिला बोलायला लागल्यापासून माहीत होतं. सूचनेत ते लिहावं असं तिला कधी सुचलं नव्हतं. भाषांतरात एकही शब्द चुकला नव्हता.

“ताई, आहेस ना?”

“आहे.”

“डॉक्टर तर सगळं ठीक आहे म्हणत होते. बाबाच हटून बसले, आत्ताच्या आत्ता विभाला निरोप पाठव.” प्रसन्नचा आवाज फाटला. “तू लगेच उत्तर दिलंस ते फार बरं केलंस. मला वाटलं, मला जे कळत नाहीये ते हिला तिकडे बसून कळलंय. उत्तर येईपर्यंत बाबा डोळे मिटायला तयार नव्हते गं. मी तुझं उत्तर वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मग मास्क बाजूला केला आणि म्हणाले, ‘झालं. विभा या म्हणाली.’”