डाव्या पायातलं जोडवं

"अगं बाई, माझं जोडवं कुठं गेलं?"

ऑपरेशन थिएटरचं दार बंद होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. तिचं लक्ष सहज डाव्या पायाकडे गेलं. बोटावर नुसता पांढरा वळ. लग्नाला बारा वर्षं झाली, जोडवं कधी निघालं नव्हतं. आणि निघालं ते आज, आत नवऱ्याच्या पोटातली गाठ काढताना!

तिनं बाक सरकवला. कचऱ्याच्या डब्यामागे हात घातला. जिना दोनदा चढली-उतरली. वॉर्डात जाऊन त्याची रिकामी खाट झटकली. सकाळी याच खाटेवर, त्याच्या उशाशी पाय करून ती आडवी झाली होती, जरा डोळा लागला होता. त्याआधी तर होतं!

तो असता तर हसला असता. जोडव्यांवरून तिची फिरकी घेतल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. "माझा जीव काय तुझ्या पायाच्या बोटात आहे?" कालही डॉक्टरांपुढे छाती काढून म्हणाला होता, "भीती आमच्या हिला वाटते. मला विचारू नका."

सोबत आलेल्या धाकट्या नणंदेच्या पायात फॅशनचं एक जोडवं होतं. निळ्या खड्याचं, जीन्सवर घालायचं. तिनं ते काढून पुढे केलं.

"वहिनी, तोवर हे घाला."

"असं उसनं चालतं का हो, वन्सं?"

"देव काय पावती बघतोय?"

तिनं घातलं. ते सैल होतं. पडू नये म्हणून बोट आखडून बसली. पायात गोळा आला, तरी बोट सोडलं नाही. मेली झोप आपल्यालाच कशी लागली, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दोन तासांनी सिस्टर बाहेर आली.

"गाठ निघाली सगळी. शुद्धीवर येतायत."

तिला रडूच फुटलं. सिस्टरनं खिशातून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. जोडवं!

"आत धातू चालत नाही, पण भूल चढेपर्यंत मूठ उघडेनात. म्हणाले, 'ही झोपल्यावर हळूच काढलंय. फार भीती वाटत होती. पण हिला सांगू नका, हसेल मला.'"