चोरखटका

भैय्याजींनी किल्ली फिरवली. मोटार ढिम्म. पुन्हा फिरवली, तरी तिने हूं की चूं केलं नाही. गोपाळराव अंगणात चेहरा पाडून उभे होते, आणि तो तसाच पडलेला ठेवताना त्यांच्या नाकी नऊ येत होते.

बायकोच्या भावाला नाही म्हणता येत नाही, तेही दसऱ्याच्या दिवशी. दरवर्षी भैय्याजी सोनं द्यायला म्हणून येत आणि मोटार घेऊन जात. मग नवरा-बायको सायकलरिक्षातून नागपूरभर आपट्याची पानं वाटत फिरत. किल्ली लपवूनही उपयोग नव्हता. जुनं कुलूप इतकं झिजलेलं, की भैय्याजी ट्रंकेच्या किल्लीनेही मोटार चालू करत. मागच्या वर्षी तर त्यांनी तिच्यातून भिवापूरच्या मिरच्यांची पोती वाहिली. अजूनही उन्हात काचा बंद राहिल्या, की बसलेला माणूस शिंकतच उतरतो.

म्हणून यंदा गोपाळरावांनी नवं कुलूप बसवून घेतलं. वायरिंगवाला चंद्रभान पक्का बेरकी. पाहुण्याने नवी किल्ली मागितली तर तुम्ही नाही म्हणणार आहात का, असं त्याने विचारलं आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, अगदी आत, एक चोरखटका लावून दिला. आधी खटका दाबायचा, मग किल्ली. नाही तर दिवसभर किल्ली फिरवत बसा, गाडी मुकी.

ही गोष्ट गोपाळरावांनी घरात कुणाला सांगितली नाही. कौसल्याला तर नाहीच. बाई गुणाची, पण भावापुढे तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

काल कौसल्याने मोटार आतून-बाहेरून पुसून काढली आणि आज सकाळी पूजा केली. तिच्या पूजेतून कामाची एकही वस्तू सुटत नसे. शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, उंदराचा पिंजरासुद्धा. मोटारीच्या चाकांना, दिव्यांना, स्टिअरिंगला कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. भैय्याजी आले तेव्हा गोपाळरावांनी न मागता किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. एवढं औदार्य पाहून भैय्याजी जरा गांगरलेच होते.

"काहून चालू होऊन नाही राहिली, भाऊजी?" भैय्याजी उतरले आणि बॉनेट वर करून आत डोकावले.

गोपाळराव काळजीचं तोंड करून त्यांच्या जागी बसले. आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. खटका चुकून दाबला तर गेला नाही ना, एवढी खात्री करावी म्हणून त्यांनी हळूच सीटखाली हात घातला. खटका होता तसाच होता. हात बाहेर काढला तर बोट लालभडक, आणि त्याला तांदळाचा एक दाणा चिकटलेला. म्हणजे पूजेतून खटकाही सुटला नव्हता.

झालं, आता यंदाही सायकलरिक्षा. त्यांनी मान वर केली. खिडकीशी कौसल्या उभी होती. तिने एकदा उघड्या बॉनेटकडे पाहिलं, मग वाकून पदराचं टोक नवऱ्यापुढे केलं.

"बोट पुसा अगोदर," ती हळूच म्हणाली. "भैय्याले दिसन."