कागदी पेला

मेलबर्नमधील त्या घरच्या यंत्रसेवकाला आज्ञा द्यावी लागत नसे. गृहस्वामिनीचे आचरण पाहूनच तो शिके.

भावी सासूने, वत्सलाबाईंनी, ऋजुताला दारातच प्रेमाने जवळ घेतले. यंत्रसेवकाने अदबीने नाव विचारले.

"ऋजुता सोनकांबळे."

थोड्या वेळाने तो चहा घेऊन आला. सर्वांपुढे त्याने चिनी मातीचे पेले ठेवले. ऋजुतापुढे मात्र वापरून फेकण्याचा कागदी पेला.

"अगंबाई, बिघडलाय मेला!" वत्सलाबाई हसल्या.

"तुला हे कुणी सांगितलं?" ऋजुताने त्याला विचारले.

"कुणीही नाही. अशा आडनावाच्या पाहुण्यांना बाई कागदीच पेला देतात."

ऋजुताने वाग्दत्त वराकडे, शार्दूलकडे, मोठ्या आशेने पाहिले. तो आईवर संतापला होता.

"तरी सांगत होतो आई, आजच्या दिवस याला बंद ठेव!"