याच अक्षरात

धाकटा भाऊ घरच्या घरी गिटारची पेडल्स जुळवायचा; पायाने दाबलं की गिटारचा आवाज बदलून टाकणाऱ्या पत्र्याच्या छोट्या डब्या. त्या रंगवायचं काम ताईचं. आजवर तिने त्यांच्यावर वाघ काढले, ज्वाळा काढल्या, एका हौशी गिऱ्हाइकासाठी त्याच्या सासूबाईंचा चेहराही काढला. पण आज आलेल्या, साठी उलटलेल्या काकांनी तिच्यापुढे एक चुरगळलेली चिठ्ठी ठेवली. 'क्रुपया आवाज कमी करा. डोकं उठलंय.'

"डबीवर एवढंच हवंय. याच अक्षरात."

ताईला हसू आवरेना. "काकूंची तक्रार वाटतं?"

"छे हो, मी एकटाच असतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंची आहे. दर आठवड्याला दाराखालून एक चिठ्ठी सरकवायच्या."

"म्हणजे त्यांना खिजवायचंय तर!" तिने ब्रश उचलला. "बरं, ते 'कृपया' तेवढं दुरुस्त करून लिहिते."

"नको, नको. त्या असंच लिहायच्या." काकांनी हलक्या हाताने चिठ्ठीच्या सुरकुत्या सरळ केल्या. "गेल्या महिन्यात वारल्या त्या. आता कितीही मोठ्याने वाजवा, दाराखालून काही येत नाही."

ताईने ब्रश खाली ठेवला. "चांगला घरोबा होता का?"

"कुठला घरोबा! जिन्यात भेटलो तरी तोंड फिरवून जायच्या. पण अकरा वर्षांत माझं वाजवणं ऐकणारं माणूस तेवढं एकच होतं."