शनिवारचा फोन

पालिकेच्या सभागृहात लोक भिंतीला टेकून उभे होते, तरी इनेसने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स काही उचलली नव्हती. समोर मंचावर तिचा धाकटा भाऊ लेआर्को बसला होता. अठरा हंगाम तो गावच्या फुटबॉल क्लबसाठी मधल्या फळीत जिवाच्या आकांताने धावला, चेंडू हिसकावून दुसऱ्यांच्या पायांत देत राहिला. त्याचा सत्कार करायचं गावाला आता सुचलं होतं, तो खेळ सोडून म्हातारा व्हायला आल्यावर.

ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे इटलीतल्या पो नदीकाठच्या या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाप गेला तेव्हा लेआर्को आधी सामना खेळला आणि मग घरी आला. मला उशिरा कळलं, असं तो म्हणाला होता. तिने दारातच तोंड फिरवलं, ते कायमचं.

क्लबचे जुने संचालक तारोत्सी माइकपाशी आले. जेवणातली वाइन अजून चेहऱ्यावर होती.

"हल्लीची पोरं सामन्याआधी एक रात्र कोंडलं तरी रडतात," ते म्हणाले. "आम्ही दोन-दोन दिवस डोंगरातल्या हॉटेलात ठेवायचो. बायको नाही, फोन नाही. आलाच फोन, तर तो मी घ्यायचो!"

लोक हसले.

"याचंच सांगतो. रविवारी वरच्या श्रेणीत बढती मिळवायचा सामना, आणि शनिवारी दुपारी याच्या घरून फोन. वडील अत्यवस्थ आहेत, याला पाठवा. कसा पाठवू? हा नसला की आमची मधली फळी म्हणजे उघडं दार! मी गप्प बसलो. जिंकलो, मगच याला सांगितलं. आणि गोलसाठी पास कुणाचा? याचाच! याला म्हणतात शिस्त!"

टाळ्या पडल्या. टाळ्या! या माणसाने पोराला मरत्या बापापासून तोडलं, ते वर तोंड करून सांगितलं, आणि भरल्या सभागृहाने त्याला दाद दिली. महापौरबाई तर कौतुकाने मान डोलावत होत्या.

तारोत्सी पदक घेऊन पुढे झाले. लेआर्को उठला, पण त्याने मान वाकवली नाही.

"फोन रविवारी आला, असं तुम्ही मला सांगितलं होतं," तो म्हणाला. माइक चालूच होता. "सामना संपल्यावर. बाबा गेल्यावर."

"अरे, आता इतक्या वर्षांनी कशाला..."

"इनेस," लेआर्कोने मंचावरूनच हाक मारली. "तू फोन केलास तेव्हा बाबा शुद्धीत होते?"

इनेस उभी राहिली.

"होते. रात्रीपर्यंत दाराकडे डोळे लावून होते. गाडी थांबल्यासारखं वाटलं की विचारायचे, आला का? मी म्हणायची, येतोय. कारण हा माणूस मला फोनवर म्हणाला होता, 'निघालाय तो.'"

तारोत्सींच्या हातात पदक तसंच लोंबत राहिलं.

"पण वरच्या श्रेणीत गेलो ना आपण!" ते पुटपुटले. माइकने तेही मागच्या रांगेपर्यंत पोचवलं.

लेआर्को दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरला आणि रांगेतून वाट काढत आला. इनेसने खुर्चीवरची पर्स उचलली. तो बसला. मग तिने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली.

"वाजवा की आता टाळ्या," ती म्हणाली.