पत्र्याचे रूळ

उंबरमाळीला रेल्वेत गँगमन असलेल्या धर्मानं सुट्टीच्या दिवशी पोरींसाठी अंगणात आगगाडी मांडली. पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, काडेपेट्यांचे डबे, इंजिन मातीचं. धाकटी गोजर रुळांतच फतकल मारून बसली, जशी स्टेशनमास्तरची सासू!

बाप कामावर करतो तसा थोरल्या भागीनं रुळाला कान लावला.

"बा, गाडी येतेय."

"येऊ दे की गो! तिकीट काढलंस काय?" धर्मानंही हसत कान टेकला.

त्याचं हसू विझलं. हा आवाज तो रोज ऐकायचा. आवाज इतका जवळ आला म्हणजे माणसानं रुळात थांबायचं नसतं.

"गोजर, ऊठ!"

मातीचं इंजिन जागचं हललं नव्हतं. पत्रा मात्र थरथरत होता. त्यानं पोरीला बखोटीला धरून ओढलं.

गोजर खिदळली. "बा, पाय निघत नाय."